टेबल नंबर सात

क्रिओल म्हणजे काय, असं कुणी विचारलं
तर एक वाक्य पाठ करून दिलंय आम्हाला :
‘दोन किनारे एका कढईत उतरले, सर.’
सर किंवा मॅम. हसून.
पाण्याचा ग्लास भरता भरता.

रानवारच्या गल्लीतला हा बंगला
परवापरवापर्यंत दाताचा दवाखाना होता.
आता गिलावा मुद्दाम खरवडलाय
आणि छताला लोंबतायत बिअरच्या तपकिरी बाटल्या,
प्रत्येकीत एक पिवळा दिवा.

मी सांगतो : डुकराचं इंद्याल, बारा तास मंद आचेवर,
सोबत एक फुगा. हो मॅम, एकच.
बाटली मसाल्यात बत्तीस जिन्नस.
इथे थांबायचं. लोक ‘ओह’ म्हणतात.

बत्तीस मला पाठ करावे लागले नाहीत.
दगडफूल, नागकेशर, मायपत्री, कबाबचिनी,
तीळ, खसखस, मूठभर गहू…
वैशाखात गोराईच्या पहिल्या तरीनं आई निघायची
खाडीपलीकडच्या किरिस्तांवांच्या अंगणात,
नाकाला फडकं, हातात मुसळ,
किलोवर मजुरी.
सगळं गावठाण शिंकायचं.
ती नाही. ती खोकायची,
आषाढ संपेपर्यंत.
क्रिओल हा शब्द तेव्हा कुणाकडेच नव्हता.

काल सातवर एस्मी परेरा,
काठीला नवं रबर, बरोबर कॅनडाचा भाचा.
दोन घास खाल्ले, मेन्यू मिटला,
माझ्या छातीवरचं नाव वाचलं – भोईर –
आणि सरळ आमच्या बोलीत :
‘कोनी कुटला रं ह्यो मसाला?’

याचं उत्तर पाठांतरात नव्हतं.
मशीननं, आंटी.
‘तरीच. मुका हाय.’
मग वर बघून,
‘आन् त्या बाटल्या रिकाम्या कनाला?’

भाच्यानं तोवर दिव्यांचे फोटो काढले.
तिनं उरलेला अर्धा फुगा टिश्यूत गुंडाळून
पर्समध्ये ठेवला, चष्म्याशेजारी.
बिलावर दहा टक्के सेवा. त्यातली किती माझी,
ते तिनं विचारलं. मी सांगितलं नाही.

शेवटची तर रोजच चुकते.
भाईंदरवरून वळसा, बाइकवर डास,
घरी पोचेपर्यंत अडीच.
आई जागी. उजवा हात खांद्यावर जात नाही,
वेणी आता शेजारची घालते.

तिला प्लेटचा भाव सांगितला.
हसली, खूप हसली, खोकला येईपर्यंत.
पाणी प्यायली.
एस्मीबाईचंही सांगितलं, मुका म्हणाली ते.
ती गप्प. मला वाटलं, झोपली.

मग अंधारातून :
‘खसखस बाजलीवती का त्यांनी?
का तशीच टाकली?’

माहीत नाही, आई.
उद्या विचारतो.