एक जून

वही कुणी ठेवायची यावर चर्चा झालीच नाही.
माझं झेरॉक्सचं दुकान खानापूर स्टँडसमोर,
येताजाता सगळ्यांना दिसतं,
म्हणून माझ्याकडे.
एक्क्याण्णवची दहावी, ब तुकडी,
सत्तेचाळीस नावं, हजेरीच्या क्रमानं.

कौसर मणियार हुबळीला.
इनास सोज पेडण्याजवळ, बेकरीत.
परशराम हलगेकर फौजेतून आला
आणि आता बँकेच्या दारात उभा असतो, बंदुकीला टेकून.
मुलींपुढे दोन-दोन आडनावं, शेवंतापुढे तीन.
नागेश चौगुलेचं कचेरीत चौगला झालं,
आधारावर तेच, लाइटबिलावर तेच.
मी दोन्ही लिहून ठेवलीत,
कुठल्या नावाला ओ देईल सांगता येत नाही.

वाढदिवसांचं काम सोपं.
सत्तेचाळिसांत एकतीस जणांचा एक जून.
दाखल्याच्या दिवशी गुरव मास्तर आयांना विचारायचे, कधीचा?
त्या सांगायच्या,
लावणी चालली होती बघा,
म्हैस व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी,
मलप्रभेवर नवा पूल नव्हता तेव्हा.
मास्तर म्हणायचे, बरं,
आणि लिहायचे एक जून.

त्या दिवशी दुकान उशिरा उघडते.
परशरामचं उत्तर दरवर्षी तेच:
मी थंडीतला हाय की गे!

भरमा पाटणेकर जाऊन दोन वर्षं झाली.
वहीत खोडलेला नाही.
मागच्या बाकावर बसायचा,
पेन्सिलीचा भुसा माझ्या दप्तरात टाकायचा,
बोर्डाच्या भूमितीच्या पेपराला माझा कंपास घेऊन गेला
तो गेलाच.
यंदा बोटाच्या सवयीनं त्यालाही गेलं:
शुभेच्छा. कंपास कधी देतोस?

उत्तर आलं.
यार्री?

स्टुलावर बसले.
मग ध्यानात आलं,
कंपनीनं नंबर दुसऱ्या कुणाला दिलाय.
गदगचा माणूस, ट्रॅक्टरचे स्पेअर विकतो,
शाळेत हिंदी होती म्हणून माझं अक्षर लागलं त्याला.
माझं कन्नड तिसऱ्या भाषेचं, शंभरात अडतीस.
तेवढ्यात जमेल तेवढं कळवलं:
चूक झाली, मित्राचा नंबर, त्याचा आज वाढदिवस.
बराच वेळ काही नाही.
मग: नंदू जून वंदऽ री.
माझाही एक जूनच.

म्हणजे तिकडंही कुणी मास्तर,
तिकडंही कुणी आई,
जोंधळ्याची कापणी की कापसाची वेचणी आठवत
दारात उभी.

गिऱ्हाईक आलं, उताऱ्याच्या दोन प्रती पाहिजेत.
काढून दिल्या. सुट्टे नव्हते, राहू दे म्हटलं.
वहीत भरमाच्या नावापुढे
पेन्सिलीनं बारीक लिहिलं, गदग.

दुपारी त्याचा परत एक:
याव कंपासरी? कसला कंपास?

अजून कळवलेलं नाही.
अडतीस मार्कांत ते बसत नाही.