डोळा राखून

कॉलेज रोडला, चष्म्याच्या दुकानावर,
गुरुवारी साडेसहाचा वर्ग.
खुर्शीदबाई देवळालीहून स्कूटरवर येतात,
फळ्यावर लिहितात: नू पार्लों. आम्ही बोलतो.
मग डस्टरच्या कोपऱ्यानं शेवटचं ओं पुसतात.
उरलं पार्ल.
याला आता नवी फूट, म्हणतात,
ए, ए, ए, इयों, इये, ए.

मला हसू आलं.
मोहाडीच्या पोरीला हे शिकवायचं?
एप्रिलात आम्ही हेच करायचो,
ओलांड्यावर एक डोळा राखून
बाकी सगळं खाली.
संध्याकाळी बांधावर काड्यांचे भारे,
आणि विलास म्हणायचा, ताई,
तुझा हात फार मऊ. निर्दय हो जरा.

करायचो. म्हणायचा.
हाच तो काळ, बाई सांगतात.
जे रोज घडायचं आणि जे घडत होतं,
दोन्हींना तिकडे एकच डबा.
शाळेत आम्हाला वेगळं करून दिलं होतं:
तो जाई, हा रीतिभूत.
तो जात होता, हा अपूर्ण.
आता जाई म्हटलं तर मोहाडीत
फुलाचा भाव सांगतील.

एत्र तेवढं ऐकत नाही. असणं.
त्याच्या आम्ही-ला छाटायला शेपूटच नाही,
म्हणून वेगळा खुंट, एत, त्यावर कलम.
तेही नवीन नाही.
आमच्या थॉमसनखाली डॉगरीज असायचं, रानटी, चिवट,
घड हातात घेताना
मुळाची चौकशी कुणी केली?

ज पार्ले, त्यु पार्ले, इल पार्ले.
मी, तू, तो, ते सगळे, कानाला सारखेच.
वहीत फक्त वेगळे.
आणि मी बाई की बाप्या
हे तिथं क्रियापदाला सांगावं लागत नाही.
मराठीत तोंड उघडलं की कळतं:
होतो, की होते.
त्यावरून पुढचं बरंच ठरतं.

गृहपाठ: लहानपणाची पाच वाक्यं.
मी एकच लिहिलं.
नू झाव्हियों यून व्हीन्य.
आमची द्राक्षबाग होती.
बाईंनी झाव्हियोंखाली रेघ मारली, म्हणाल्या,
नुसतं लिहिलंस तर याचाच अर्थ विमानं.
बरोबर आहे, मी म्हटलं, तीही होती.
ओझरहून उठायची, बागेवरून इतकी खाली
की कात्र्या थांबायच्या,
वडील टोपी धरायचे,
आणि आवाज गेल्यावर कुणीतरी विचारायचं,
काय म्हणत होतास?

पुढच्या गुरुवारी दुसरा भूतकाळ. संपलेला.
त्याला मदतीला आव्हवार लागतं,
जवळ असणं.
म्हणजे मी दिलं म्हणायलासुद्धा
आधी म्हणायचं, माझ्याजवळ आहे.

दिंडोरीचं दुय्यम निबंधक कार्यालय,
हक्कसोड पत्राची चार पानं.
विलासनं पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं.
अंगठा यंत्रावर दोनदा उमटला नाही,
लॅबमधल्या आम्लानं रेषा पुसट झाल्यात.
कॅमेऱ्यात बघा, ताई. बघितलं.
मग साडी, मग उसाचा रस.
आता तिथं चुन्याच्या रेघा आहेत, सिमेंटच्या खुंट्या,
कोपऱ्याचा प्लॉट गेला म्हणे.

जे सिन्ये. मी सही केली.
ज सिन्ये. मी सही करत होते.
फरक ओठांचा, बाई म्हणतात,
एकदा ताणलेले, एकदा जरासे सुटलेले.
पुन्हा म्हण.

गंगापूर रोडच्या सिग्नलला
हेल्मेटच्या आत म्हणून बघते.
पुन्हा.
काच धुरकटते, पण कुठलं बाहेर पडलं
ते मला ऐकू येत नाही.
दिवा हिरवा झाला असावा.
मागच्यानं हॉर्न दिला.