आबेबाईचं ताट

भिवापूरच्या अलीकडे, खताच्या गोदामाला लागून
पंक्चरवाला आणि झेरॉक्स यांच्या मधे
एक हिरवं दार आहे.
वर पाटी : इथोपियन भोजन व कॉफी.
मधली एक वेलांटी पेंटरने गिळली,
मजुरीत सूट दिली नाही.

तिचं नाव अबेबेच. म्हणजे, ती फुलली.
ठवकरांचा थोरला तिकडे सूतगिरणीत फिटर होता,
आठ वर्षांनी उतरला दोन पेट्या आणि हिला घेऊन.
आम्ही आबेबाई म्हणतो. ती ओ देते.
तिच्या मराठीत 'तू' नाही;
दारातल्या बकरीलाही म्हणते, तुम्ही बाजूला व्हा.

मी लाइनमन. मीटर बसवायला गेलो होतो.
खांबावरून उतरलो तर समोर परातीएवढं ताट,
त्यावर अंथरलेलं आंबूस, जाळीदार, मऊ.
"आयता व्हय का बाई?"
"इंजेरा. जवारीचा. टेफ इथं कुठे मिळते?"
ज्वारी आपलीच, नत्थूच्या वावरातली,
पण तीन दिवस आंबून
सासरी राहून आलेल्या पोरीसारखी
भलत्याच हेलात बोलत होती.
वर लाखोरीच्या पिठाचं दाटसर काही.
मी म्हटलं पिठलं, ती म्हणाली शिरो;
ते भांडण अजून मिटलेलं नाही.

मिरची इथलीच. पहिल्या बाजारात
तिने एक फोडून हुंगली
आणि रडली. तिखटानं, म्हणाली.

बुधवारी-शुक्रवारी तिचा उपास.
दूध नाही, अंडं नाही, डाळ मात्र ताटभर.
"हा कोणता उपास वं माय," सुभद्राकाकू विचारते,
"ज्यात माणूस जेवते?"

ताट एकच असतं, हे आधी सांगायला हवं होतं.
वेगळी थाळी मागितली तर ती ऐकते,
हसते, आणि आणत नाही.
पहिल्या महिन्यात चौघं आले, चौघं उठून गेले.
मग परसोडीचे मास्तर बसले, मग पंक्चरवाला जब्बार,
मग मी, हात पँटला पुसत.
जो तो आपल्या पुढ्यातलं खातो,
मधलं धुरं हळूहळू झिजतं,
दुसऱ्याच्या भाजीला बोट लागतं. लागलं तर लागलं.

परवा शालिकबाबा आला.
डफडं वाजवून बोटं वाकडी झालेली,
पिशवीत स्वतःचा जर्मनचा गिलास;
कुणी म्हणायच्या आत पुढे करायची
चाळीस वर्षांची सवय.
उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "कापी द्या बाई. वरूनच टाका."
आबेबाईने गिलास घेतला, उजेडात फिरवून पाहिला,
चांगला आहे, म्हणाली,
आणि त्यात चमचे उभे करून गल्ल्याशी ठेवला.
"या. बसा."

तो बसला, बाकाच्या काठावर, उठायच्या तयारीनं.
तिने इंजेराचा तुकडा तोडला, शिरोत गुंडाळला,
आणि त्याच्या तोंडाशी नेला.
गुर्शा म्हणतात. आल्या माणसाला घास द्यायचा असतो.
मास्तर पंख्याकडे बघायला लागले.
मी व्होल्टेजचा विचार केला.
"माये," तो म्हणाला, "असं तं माही मायच भरवे."
"तोंड उघडा," ती म्हणाली.

मग कॉफी. बिया तव्यावर भाजल्या,
धूर एकेकाच्या नाकाशी फिरवून आणला.
काळी सुरई पवनीच्या कुंभाराला
तिसऱ्या खेपेला साधलेली.
सोबत ज्वारीच्या लाह्या, बिनकानाचे इवले कप,
सगळे सारखे, एक टवका उडालेला; तो माझ्याकडे आला.
तीनदा ओतते ती :
पहिली कडक, दुसरी मवाळ, तिसरी रंगापुरती.
तिसरी घेतल्याशिवाय उठू नये म्हणतात.

दुसरीलाच लाइन गेली.
अंधारात सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं असणार.
निखाऱ्याच्या उजेडात शालिकबाबाने पिशवी चाचपली,
रिकामी लागली, तशीच मांडीखाली घेतली,
आणि लाह्यांत हात घातला.
माझा मोबाइल वाजला, सबस्टेशनचा.
म्हटलं, साहेब, निघालोच,
फॉल्ट शोधून रायलो.
आबेबाई तिसरी ओतत होती.