रंग न मिसळणारं पाणी

वूच शहरात मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी
सकाळी सातला पानी हाल्श्का मशीनला जोडून घेतात
(पानी म्हणजे बाई, त्यांच्या भाषेत. पाण्याशी संबंध नाही.
पाणी डॉक्टरांनी मोजून दिलंय, दिवसाला तीन पेले).
डाव्या हातात दोन सुया. उजवा हात मोकळा.
मोकळ्या हातात फोन.

लेव्हल एकशे सत्तेचाळीस.
चौदा नळ्या, त्यातल्या दोन रिकाम्या.
बाकी बारांत चार-चार थर:
शेवाळी, विटकरी, जांभळा, मोहरी,
आणि तो एक निळा, ज्याला बनवणाऱ्यानंही नाव दिलं नसावं.
चार मिनिटं त्या बोट लावत नाहीत.

शेजारच्या खुर्चीतला तिमोतेउश ट्राम चालवायचा.
खेळतोही तसाच, हिरवा दिसला की निघाला.
पहिल्या दोन खेळींत दोन्ही रिकाम्या नळ्या भरून टाकतो,
मग जादा नळीसाठी जाहिरात बघत बसतो.
साबणाची. परत साबणाची.

"वरचं काय बघतोस? वरचं कुणालाही दिसतं.
तळाला कोण बसलंय ते वाच आधी.
हा निळा तीन नळ्यांच्या तळाशी आहे,
म्हणजे तो सगळ्यात शेवटी येणार,
त्याच्या मागे आत्ता धावायचं नाही.
मोहरीचे दोन वर उघडे आहेत, तिसरा एका थराखाली.
तिथून उकर.
आणि ओतायचं ते खालचं उघडं व्हावं म्हणून,
नळी भरावी म्हणून नाही."

"आणि रिकामी?"

"एक वापर. दुसरी हातचा.
हातचा विसरलास की बेरीज चुकते,
शाळेत मार खाल्ला नाहीस का?"

एकोणतीस वर्षं त्या रंगशाळेत होत्या, सुती कापडाच्या.
मागच्या ओढ्याला रोज वेगळा रंग.
पुलावरून जाणाऱ्या मुलींना जानेवारीतच कळायचं
मे महिन्यात दुकानांत कसले झगे येणार.
एकदा पिवळ्याच्या पिंपात काळ्याचा एक डाव पडला,
एकच डाव,
आणि अख्खी रात्रपाळी ओढ्यात सोडून द्यावी लागली.
मुकादम काही बोलली नाही. नुसती झाकण धरून उभी राहिली.
नखांच्या कडांचा रंग जायला
निवृत्तीनंतरही दोन हिवाळे गेले.

म्हणून या खेळाचं त्यांना हसू येतं.
"कुठल्या जगात रंग असे एकावर एक बसतात रे,
मधे भिंत नाही, काही नाही,
आणि एकमेकांना लागत नाहीत?
आणि हा उलटा बाण बघ.
दाबला की ओतलेलं परत वर चढतं.
पाच वेळा फुकट!"
पण बाण त्या दाबत नाहीत.
अडकणार हे त्यांना सहा खेळी आधी दिसतं,
तेव्हा सरळ लेव्हल पुन्हा पहिल्यापासून.

मशीनमध्येही एक नळी जाते, एक येते.
तिकडे मात्र त्या बघत नाहीत.

साडेदहाला शेवाळी पूर्ण, नळीला बूच लागलं.
बूच लागलेली नळी मेली, त्या म्हणतात,
तिच्यात आता काही ठेवता येत नाही,
म्हणून पहिला रंग पुरा करायची घाई करू नये.
तिमोतेउशनं मान हलवली
आणि लगेच आपला मोहरी पुरा करून टाकला.

अकराला इरेनेउश आला, सुया काढायला.
कापूस, चिकटपट्टी, "दाबून धरा, दहा मिनिटं."
तिमोतेउश वाकून त्यांच्या पडद्यात बघतोय:
"अहो, तीनच खेळी राहिल्यात.
उजव्या हातानं होतील की."

"उजव्या हातानं डावा दाबलाय."

"मी करू?"

"नको." त्यांनी कोपरानंच फोन पिशवीत ढकलला.
"निळा उघडा झालाय आता. एक नळी अजून रिकामी आहे.
गुरुवारी बघू."