उपडी नाव

दुपारचा तास. बाहेर त्रेचाळीस.
चोपड्यातून केळीचे ट्रक निघतात तेव्हा
आमच्या वर्गाच्या काचा थरथरतात
आणि मी थांबतो, मग पुन्हा म्हणतो, प्रतीक.

कादंबरीत एक नाव आहे. काठावर, उपडी.
चौथ्या प्रकरणात आहे, नवव्यात आहे,
शेवटी नायक पुलावरून निघून जातो
तेव्हाही ती तशीच.
"का असेल?" मी विचारतो.
गाइडची पानं सळसळतात.
नाव म्हणजे जीवन, सर. नदी म्हणजे काळ, सर.
जयेश बडगुजर तर नायकाच्या चपलांनाही
समाज म्हणाला.

मग फळ्यावर लिहितो तेच,
जे अकरा वर्षं लिहितोय:
नाव = निराशा.
बरोबरचं चिन्ह जरा लांब ओढतो,
हात आपोआप जातो.

मागच्या बाकावरून दीपमाला भोई,
तापीकाठची, बसचा पास वहीत दुमडून ठेवणारी,
वर्षात पहिल्यांदा बोलते,
आणि घाईत घरचंच बोलून जाते:
"सर, ती नाव उपडी शे ना,
तिले डांबर लायेल व्हई.
पानीमा टाकानी नई त्या नावले
कोन डांबर लावस?"

हसतात सगळे. मीही, जरासा.
ती ओशाळते, पण खाली बसत नाही.
पुस्तक उघडून पुढे धरते, पान एकशे अठरा:
आईच्या बोटांना काळं लागलंय,
राखेनं घासलं तरी जात नाही,
भाकरीवर उमटतं.

हे पान मी शोक म्हणून शिकवत आलो.

म्हणजे म्हातारी
रात्री काठावर जात होती.
म्हणजे पोरगा गेला त्याच्या आधीपासून
जायचं तिलाही होतं.

वर्ग गप्प. पंख्याचं एक पातं वाकडं आहे,
ते आज ऐकू येतं.
मी 'निराशा' पुसतो.
नाव राहते, बरोबरचं चिन्ह राहतं,
पुढे खडूचा पांढुरका डाग.

घंटा होते.
ती टेबलाशी येते, आता पुस्तकी मराठीत,
एकेक शब्द तपासून:
"सर, पेपरात काय लिहू?
पाच मार्कांना आहे."

पेपर तपासायला जळगावला जातात.
तिथल्या नमुना उत्तरातला तो शब्द
चार वर्षांपूर्वी मीच लिहून दिलाय.

मी हातावरचा खडू झटकत राहतो.
तिची बस तीन दहाची आहे.