अकरावा सेकंद

अझीम म्हणाला, सर, चित्र आता नुसतं टांगून भागत नाही,
ते हललं पाहिजे.
मी म्हटलं, चौतीस वर्षं पोरांना हेच शिकवलं,
कागद हलू देऊ नका, चारी कोपऱ्यांना क्लिपा लावा.

पापाच्या तिकटीला, चपलांच्या दुकानावरच्या माडीत त्याचं ऑफिस.
खालून तेल पाजलेल्या कातड्याचा वास येतो
आणि वर तो दिवसभर दुसऱ्यांची दुकानं काचेत मांडतो.
माझं मांडायला घेतलं तेव्हा म्हणाला,
चित्र कसं होत जातं ते दाखवू.
बघायला शिकलेलं माणूसच विकत घेतं.

म्हणून डोक्यावर मोबाइल लटकवून
मी पंचगंगेच्या घाटावरच्या म्हशी पुन्हा रंगवल्या.
पहिला हात धुक्याचा.
दुसरा पाण्याचा, पहिला सुकायच्या आत.
मग म्हशी, ओल्यातच सोडलेल्या,
पाठी तेवढ्या कोरड्या राखून, उन्हासाठी.
प्रत्येक हाताखाली त्यानं दोन ओळी मागितल्या,
फळ्यावर लिहायचो तशा लिहून दिल्या:
पांढरा आपण लावत नाही, राखतो.
म्हैस काळी असते हे विसरा, आधी म्हैस बघा.

सगळ्यात शेवटी मी माणूस घातला.
लाल पटका, गुडघाभर पाण्यात, हातात घासणी.
खरं तर त्या सकाळी घाटावर कोणी नव्हतं.
पण पूर्वी गंगावेशीतला एक फ्रेमवाला सांगायचा,
गुरुजी, नुसती जनावरं कोण भिंतीला लावणार,
एक माणूस टाका, गिऱ्हाईक त्यात स्वतःला बघतं.
तेव्हापासून मी टाकतोय.
प्रत्येक चित्रात एक, लाल.

दोन महिन्यांत दोन हजार तीनशे जणांनी म्हशी होताना पाहिल्या.
गडहिंग्लजच्या एका बाईंनी आठवीच्या वर्गाला दाखवल्या.
सांगलीच्या एका पोरानं विचारलं, कागद कुठला.
अझीम आकडे बघायचा आणि कान खाजवायचा.
लोकं थांबत्यात सर, पण घेत न्हाईत.
किंमत वर होती ती त्यानं खाली नेली,
मग आणखी खाली,
जिथं चित्र संपतं आणि बोट उचलायची वेळ येते.

आणि मग परभणीहून विमल गोदांबे यांचं पत्र आलं,
बँकेतून रिटायर, कॅशियर होत्या.
लिहिलं होतं:
तुमच्या ओळी वाचत चित्र एकवीस वेळा पाहिलं.
अकराव्या सेकंदाला थांबवलं की जे दिसतं
ते मला हवं आहे.
पुढचं नको.
त्या गृहस्थांबद्दल माझी तक्रार नाही,
पण ते आल्यावर पाणी गप्प होतं.

मी अझीमला म्हटलं, थांबव अकराव्याला.
धुकं होतं.
म्हशींच्या मध्ये पांढरा कागद होता, टाचेएवढा,
राखलेला.
मला वाटलं होतं ते फक्त मला माहीत आहे.

त्यांना कळवलं, ते चित्र आता नाही हो,
ते माणसाच्या खाली गेलं.
उत्तर आलं, वाट बघते.

काल बसलो.
धुकं, पाणी, म्हशी. हात ठीक चालला.
मग सवयीनं ब्रश लालात बुडवला आणि कागदावर आणला,
टेकायला एक बोट राहिलं असेल.
वरून मोबाइल बघत होता.
अझीम हळूच म्हणाला, सर, अकरा.

ब्रश मग्यात घातला.
पटका सुटला, पाण्यात उलगडत गेला,
थोडा वेळ माणसासारखाच दिसला,
मग नुसतं पाणी, किंचित तांबूस.

आता तो विचारतोय, किंमत काय टाकू.
माणसासकट आठ हजार होती.
माणूस वजा केला,
तर कमी करायची का वाढवायची?

खाली कोणीतरी चपलेचा जोड
घासाघीस करून दोनशेनं उतरवला.
कागद अजून ओला आहे.
मी म्हटलं, सुकू दे.