दुसरा रविवार

आमच्या लहानपणी कुणी फारच वेड्यासारखं केलं
की म्हणत, ठाण्याला पाठवू हां.
सगळे हसायचे. मीही.

येऊरच्या चढावर रिक्षा धापा टाकते.
फाटकाशी वहीत नाव, वेळ, नातं.
चकलीचा डबा उघडून दाखवायचा.
लोणच्याची बरणी परत, काच चालत नाही.

ऋता आली. बुटांना नाड्या नाहीत,
नखांत माती.
"कारली लावलीत आम्ही,"
माझ्याकडे न बघता.
मी तिच्या लांब बाह्यांकडे बघत नव्हते,
म्हणजे तेवढंच करत होते.

मग एकदम,
"समोरच्या पाटणकर काकूंना काय सांगितलंयस?"
पाचगणी.
"बरं. मग स्ट्रॉबेरी ने त्यांना."
आणि हसली. सात महिन्यांनी.
पुढच्या दाताचा टवका उडालाय,
कधी उडाला
मला माहीत नाही.

उतरताना उपवनपाशी एक खोका घेतला,
नेरूळपर्यंत मांडीवर धरून आणला.
खालच्या चार नासक्या निघाल्या, त्या काढल्या.

काकूंनी दार उघडलं.
"अय्या, पाचगणीच्या?"
ठाण्याच्या, म्हटलं,
आणि चपला काढून आत गेले.